पडून राहिलेलं ग्लो इंजिन आणि नीडलची पिळापिळी

मॉडेल विमानाचं ग्लो इंजिन (मिथेनॉलच्या इंधनावर, ग्लो प्लगच्या तापलेल्या तारेने पेटणारं छोटं इंजिन) चार-पाच वर्षांनी कपाटातून काढलं आणि ते अडखळायला लागलं, की सल्ला ठरलेला: नीडल, म्हणजे इंधनाचं प्रमाण ठरवणारा सुईसारखा स्क्रू, फिरवा. बहुतेक वेळा हा सल्ला चुकीचा असतो. ठेवताना इंजिन ठणठणीत होतं ना? मग नीडल बंद कपाटात आपली आपण कशी फिरेल?

बिघडतं ते आजूबाजूचं. इंधनातलं एरंडेल वाळून चिकट थर धरतं, स्प्रेबारचं (कार्ब्युरेटरमध्ये इंधन सोडणाऱ्या नळीचं) बारीक भोक बुजवतं. मिथेनॉल हवेतली ओल शोषतं, त्यामुळे अर्धवट उरलेला जुना डबा वापरूच नका. ग्लो प्लगही नवा लावा, त्यात काटकसर कशाला!

खरा चोर पुष्कळदा नीडलवरची ओ-रिंग, म्हणजे हवा अडवणारी छोटी रबरी कडी, असते. ती कडक होऊन चिरली की तिथून हवा शिरते, मिश्रण लीन होतं (हवा जास्त, इंधन कमी), आरपीएम (फिरण्याचा वेग) उगाच वर-खाली होतो. नीडल कितीही पिळा, सेटिंग टिकत नाही. इंजिन बंद असताना नीडलच्या आट्यांवर सिलिकॉन नळीचा घट्ट तुकडा चढवा आणि पुन्हा चालवून बघा. फरक पडला तर रिंग बदला. टाकीतली क्लंकची (इंधन ओढणाऱ्या नळीच्या टोकाला असलेल्या वजनाची) नळीही वाकवून चिरा तपासा.

आणि पंखा जामच असेल, तर जोर लावू नका. हीट गनने इंजिन शेकून एरंडेल मऊ होऊ द्या, मगच हाताने फिरवा.