फ्रा अचना

थायलंडमधील सुखोथाय येथे वाट सी चुम या प्राचीन मंदिरात असलेली भव्य बैठी बुद्धमूर्ती. ती विटांत रचलेली असून वर चुन्याचा गिलावा आहे. उंची सुमारे १५ मी., मांडीपाशी रुंदी ११.३ मी. मंदिर जुन्या नगराच्या तटाबाहेर, वायव्येस आहे. ‘फ्रा’ हे थाई आदरवाचक पद. ‘अचना’ म्हणजे पालीतला ‘अचल’, असे मानतात. मराठी माणसाला त्याचा अर्थ वेगळा सांगायला नको. सुखोथायच्या रामखम्हेंग राजाच्या १२९२ च्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शिलालेखात अचना नावाच्या मूर्तीचा उल्लेख येतो. ती हीच, असे सर्वसाधारणपणे धरले जाते.

मूर्तीइतकीच तिच्याभोवतीची चौकोनी वास्तू (मोंडोप) महत्त्वाची. तिची बाजू सुमारे ३२ मी. असून छत आज उरलेले नाही. दर्शनी भिंतीत दारापेक्षा फटच म्हणावी अशी उंच, अरुंद वाट आहे. लांबून तीतून नुसता चेहरा दिसतो, अर्धवट मिटल्या डोळ्यांचा. आत पाऊल टाकल्यावर मात्र मान वर करूनही मूर्ती नजरेत मावत नाही. समोर येतो तो गुडघ्यावरून जमिनीकडे सोडलेला उजवा हात. ही भूमिस्पर्श मुद्रा. लांबसडक, निमुळत्या बोटांवर भाविकांनी चिकटवलेला सोन्याचा वर्ख ठिकठिकाणी चमकतो. मूर्तीचे आजचे नेटके रूप बरेचसे १९५० च्या दशकातील जीर्णोद्धाराचे आहे.

भिंती सुमारे ३ मी. जाडीच्या, आणि त्या भरीव नाहीत. एका भिंतीच्या पोटातून वर जाणारा जिना आहे. त्याच्या छताला पाटीच्या दगडाचे फलक बसवलेले असून त्यांवर जातककथांतील प्रसंग रेषांनी कोरले आहेत आणि कथांची नावे थाई लिपीत दिली आहेत. अंधाऱ्या बोळात, डोक्यावर कोरलेली ही चित्रे बघायची कुणी, हे कोडेच आहे. सुखोथायचा दुसरा शिलालेखही याच बोळात सापडला.

या जिन्यावरूनच मूर्तीला ‘बोलणारा बुद्ध’ हे नाव पडले. सोळाव्या शतकात अयुथया या थाई राज्याच्या नरेसुअनने स्वारीपूर्वी इथे सैन्य गोळा केले. आपल्याच लोकांवर शस्त्र धरायला शिपाई कचरत होते, तेव्हा त्याने एकाला जिन्याने मूर्तीमागे चढवून झरोक्यातून बोलायला लावले आणि बुद्धच बोलला असे समजून सैन्याला हुरूप आला, अशी दंतकथा आहे. जिना आता पर्यटकांना बंद आहे. सुखोथायच्या अवशेषांचा १९९१ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला.