रेकॉर्डर विकत घेतला, मग दरमहा पैसे कशाचे?

१९९९ साली अमेरिकेतल्या दुकानांत टीव्ही रेकॉर्ड करणारी दोन नवी खोकी आली. एकाचे नाव टिव्हो, दुसऱ्याचे रिप्लेटीव्ही. दोन्हींत कॅसेट नव्हती. तिच्या जागी संगणकात असते तशी हार्ड डिस्क. रिप्लेटीव्ही ६९९ डॉलरला मिळे आणि त्यापुढे काहीही द्यायचे नसे. टिव्हो ४९९ डॉलरला, पण दरमहा ९.९५ डॉलर वेगळे. दरमहाची कटकट नको असेल तर वर्षाचे ९९, नाहीतर एकदाच १९९ भरून कायमचे मोकळे. आता ४९९ आणि १९९ यांची बेरीज करा. ६९८! दोन प्रतिस्पर्ध्यांत फरक फक्त एका डॉलरचा.

मला ही बेरीज फार बोलकी वाटते. ‘मासिक शुल्क नाही’ म्हणणाऱ्यानेही शुल्क घेतलेच होते, ते किमतीत मिसळले होते इतकेच. म्हणजे दोन्ही खोक्यांमागे सतत खर्चाचे असे काहीतरी चालू होते. ते काय, हे उमजल्याशिवाय रेकॉर्डर निवडू नये, असे मला मनापासून वाटते.

आधी रेकॉर्डिंगचेच पाहू. टीव्हीचे जुन्या पद्धतीचे चित्र जसेच्या तसे अंकांत उतरवले, तर सेकंदाला सुमारे १६६ मेगाबिट माहिती तयार होते. टिव्होच्या सुरुवातीच्या छोट्या खोक्यातली डिस्क होती १३.६ गिगाबाइटची. या वेगाने ती ११ मिनिटांत काठोकाठ भरली असती. खोके मात्र १४ तासांचे म्हणून विकले जाई. हे साधले एमपेग-२ या पद्धतीमुळे. बातम्या वाचणारी निवेदिका आठवा. एका चित्रापासून पुढच्या चित्रापर्यंत ओठ हलतात, पापण्या लवतात, मान जराशी वळते. मागची भिंत तीच. मग ती भिंत सेकंदाला ३० वेळा कशाला लिहायची? एमपेग-२ साधारण दर अर्ध्या सेकंदाला एक पूर्ण चित्र साठवते आणि मधल्या चित्रांसाठी ‘हा तुकडा इतका सरकला, त्या तुकड्याचा रंग असा बदलला’ एवढेच टिपून ठेवते.

त्यामुळेच मैदानी खेळ अशा यंत्राची खरी परीक्षा घेतात. कॅमेरा चेंडूमागे झरझर धावतो, प्रेक्षकांनी भरलेला स्टँड सरकतो, पडद्यावरचा प्रत्येक ठिपका बदलत असतो आणि ‘मागचेच चालू दे’ म्हणायला काही उरतच नाही. मग चित्राचे चौकोनी ठोकळे दिसू लागतात. खोक्यावरचे १४ तास सर्वांत हलक्या दर्जाचे होते. खेळांसाठी वरचा दर्जा निवडला की तास भराभर घटत. आजही खोक्यावर तासांचा आकडा छापलेला दिसला, की तो कोणत्या दर्जाचा, हे पहिल्यांदा विचारावे.

खरी किमया याच्या पुढची. कार्यक्रम चालू असताना फोन आला, तुम्ही चित्र थांबवले आणि दहा मिनिटांनी तिथूनच पुढे पाहू लागलात. कॅसेटला हे शक्य नव्हते, कारण तिथे फीत एकच आणि ती एका वेळी एकाच जागी. डिस्कवरचे वाचनाचे टोक मात्र एका सेकंदात कित्येकदा जागा बदलते. वरच्या दर्जाचे चित्रही सेकंदाला एक मेगाबाइटपेक्षा कमीच जागा मागते आणि डिस्कचा वेग त्याच्या कितीतरी पट. म्हणून ती क्षणभर नवे चित्र लिहिते, क्षणभर दहा मिनिटांपूर्वीचे वाचते, आणि तरीही तिच्याकडे वेळ उरतो. टिव्हो तर कोणी न सांगताही चालू वाहिनीचा मागचा अर्धा तास धरून ठेवत असे. या तंत्राचे पेटंट कंपनीला २००१ मध्ये मिळाले आणि त्यावरून डिश व इकोस्टार या उपग्रह टीव्हीच्या अमेरिकी कंपन्यांशी चाललेला खटला २०११ मध्ये ५० कोटी डॉलरवर मिटला.

पण हे सगळे डिस्क आणि चिप करतात, आणि त्यांचे पैसे आपण दुकानातच मोजलेले असतात. मग दरमहाचे कशाचे?

इथे आमचा जुना व्हीसीआर, म्हणजे कॅसेटवर रेकॉर्ड करणारे यंत्र, आठवतो. आजीची मालिका रात्री साडेआठला असे, म्हणून मी वेळ लावून ठेवायचो. एके दिवशी सामना लांबला, मालिका वीस मिनिटे उशिरा सुरू झाली, आणि कॅसेटवर आले सामन्याची शेवटची षटके आणि मालिकेचे पहिले काही प्रसंग. आजी काही बोलली नाही, पण तिचा चेहरा मला अजून आठवतो. त्या यंत्राला घड्याळ कळत होते, मालिका कळत नव्हती. कोणत्या वाहिनीवर, कोणत्या दिवशी, किती वाजता काय लागणार, भाग नवा की जुना, हे सांगणारे वेळापत्रक त्याच्यापाशी नव्हते.

मासिक शुल्क या वेळापत्रकाचे होते. हजारो वाहिन्यांची माहिती गोळा करायची, गावोगावच्या केबलवाल्यांचे वाहिनी क्रमांक जुळवायचे, बदल झाला की सुधारायचे. हे काम माणसे रोज करतात आणि ते कधीच संपत नाही. रात्री घर झोपले, की टिव्होचे खोके टेलिफोनच्या तारेवरून फोन लावी आणि पुढच्या दोनेक आठवड्यांचे वेळापत्रक उतरवून घेई. त्याच्या जोरावर मालिकेचे नाव एकदा सांगितले की ती कुठल्याही वेळी लागो, सापडे. अर्थात आयत्या वेळी लांबलेल्या सामन्यापुढे हे वेळापत्रकही लंगडेच. म्हणून रेकॉर्डिंग थोडे पुढेपर्यंत चालू ठेवायची सोय असे. शुल्क थांबले की वेळापत्रक थांबे, आणि खोके पुन्हा व्हीसीआरइतकेच अडाणी होई.

आता हिशेब. १९९ भागिले ९.९५ म्हणजे बरोबर २० महिने. खोके विसाव्या महिन्यानंतरही चालले तर एकदम भरणारा फायद्यात. पण ‘कायमचे’ म्हणजे ग्राहकाच्या आयुष्यभराचे नव्हे, त्या खोक्याच्या आयुष्यभराचे. ते खोके वर्षाचे ८,७६० तास डिस्क फिरवत असते, त्यामुळे आधी दगा देते ती डिस्कच. दिलासा एवढाच, की कायमच्या शुल्काची नोंदणी डिस्कवर नव्हती, खोक्याच्या आतल्या मुख्य सर्किट-पाटीवरच्या क्रमांकाशी जोडलेली होती. हाताला वळण असलेल्यांनी डिस्क बदलल्या, वर मोठ्या बसवल्या, आणि नोंदणी तशीच राहिली.

दुसरी जोखीम खोक्यापेक्षा कंपनीची. रिप्लेटीव्हीचा धंदाच विकत घेणारी सॉनिकब्लू ही कंपनी २००३ मध्ये दिवाळखोरीत गेली. कायमचे शुल्क भरताना आपण त्या कंपनीच्या टिकण्यावर पैसे लावत असतो. ब्रिटनमध्ये टिव्हो २००० साली आला, महिन्याला १० पौंड किंवा एकदाच १९९ पौंड. विक्री काही वर्षांतच बंद पडली. जुन्या खोक्यांना वेळापत्रक मात्र १ जून २०११ पर्यंत मिळत राहिले. दहा वर्षे दरमहा भरणाऱ्याचे १,२०० पौंड गेले, एकदम भरणाऱ्याचे १९९. तरी मी सगळ्यांना ‘एकदमच भरा’ असे सांगणार नाही. ज्याला घर बदलायचे आहे, वर्षाने केबलच सोडायची आहे, त्याने दरमहाच द्यावे. ते चार पैसे जास्त म्हणजे मोकळीक राखण्याची किंमत.

त्याच ब्रिटनमध्ये फ्रीव्ह्यू या, अँटेनावर फुकट दिसणाऱ्या टीव्ही-सेवेच्या रेकॉर्डरना मासिक शुल्क मुळीच नव्हते, कारण पुढच्या आठवडाभराचे वेळापत्रक टीव्हीच्या लहरींबरोबरच घरात येई. आपल्या डीटीएचचेही तसेच: कार्यक्रमांची यादी उपग्रहाच्या संकेतातच गुंफलेली असते.

मग आपल्याकडे रेकॉर्डर फुकट चालतो का? दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली वीज. समजा खोके ३० वॉट घेते. टीव्ही बंद असला तरी ते जागेच राहत असेल, तर वर्षाला सुमारे २६३ युनिट होतात. युनिटला ८ रुपये धरले तर वर्षाचे २,१०० रुपये, म्हणजे महिन्याला १७५. ही वर्गणी महावितरणच्या बिलात जाते, म्हणून तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही.

दुसरी गोष्ट कुलपाची. डीटीएचच्या खोक्यातून पेनड्राइव्हवर किंवा डिस्कवर साठवलेला कार्यक्रम सहसा सांकेतिक रूपात बंद केलेला असतो आणि त्याची किल्ली त्याच खोक्यात असते. तो पेनड्राइव्ह संगणकाला लावला तर काहीही दिसत नाही. म्हणून दुकानदाराला विचारायचा प्रश्न असा: रिचार्ज संपल्यावर आधी रेकॉर्ड केलेले लागते का? तोंडी उत्तरावर विसंबू नये. शेजारी कोणाकडे तसेच खोके असेल आणि त्यांचा रिचार्ज संपलेला असेल, तर त्या संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन एखादे जुने रेकॉर्डिंग लावून पाहावे.