स्ट्रिंगला कॉम्बो म्हणू नका

"दादा, दहा हिटचा कॉम्बो पाठ झाला!" सिडकोतल्या घरी माझा मावसभाऊ आठवडाभर टेकन ८ या मारामारीच्या व्हिडिओ गेमवर तेच घोटत होता. गेमच्या ट्रेनिंगमध्ये सरावासाठी उभा असलेला पुतळा दहाच्या दहा हिट, म्हणजे वार, खायचा. माझ्याशी खेळताना मात्र त्याचे पहिले दोन बसले, तिसरा मी अडवला, पुढच्या ठोशाखाली बसलो आणि खालून त्याला हवेत उडवलं. आपला हात चुकला असं त्याला वाटलं. खरं तर बटणं त्यानं अचूक दाबली होती. फक्त त्यानं पाठ केली होती ती स्ट्रिंग, आणि तो तिला कॉम्बो समजत होता.

स्ट्रिंग सांगायला फार जागा नको. व्हिडिओ गेम पार्लरमध्ये टेकन ३ खेळलेल्या कुणालाही ती ठाऊक आहे: गेमनं त्या पात्राला दिलेली, एकापाठोपाठ सुटणारी ठोसे-लाथांची ठरलेली माळ. मूव्ह लिस्ट, म्हणजे पात्राच्या चालींची यादी, उघडली की सापडते.

कॉम्बोची अट वेगळी आहे. पहिला हिट बसल्यापासून शेवटचा बसेपर्यंत समोरच्याला काहीही करता येता कामा नये. मार बसला की पात्र थोडा वेळ बधिर होतं, त्याला हिटस्टन म्हणतात. तो संपायच्या आत पुढचा हिट पोचला तर कॉम्बो. आपल्या नाशिक ढोलावर पहिल्या टिपरूचा घुमारा विरायच्या आत दुसरं पडावं, तसं.

गोंधळ होतो तो इथेच, म्हणून आकडे बघा. हे गेम सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे ६० चित्रं, या वेगानं चालतात. टेकन ८ मधला साधा डावा ठोसा, म्हणजे जॅब, पोचायला १० फ्रेम घेतो. तो बसला की तुम्ही समोरच्यापेक्षा ८ फ्रेम आधी मोकळे होता. आता लगेच दुसरा जॅब मारा. त्याला १० फ्रेम लागणार, हाताशी आहेत ८. दोन फ्रेम कमी पडल्या, म्हणजे सेकंदाचा तिसावा भाग. डोळ्याला ती फट दिसतच नाही, पण समोरच्यानं मागे दाबून धरलं असेल तर दुसरा जॅब अडतो. याउलट डावा-उजवा ही जोडी स्ट्रिंग म्हणून मारली की उजवा वेळेत पोचतो, म्हणून ती स्ट्रिंगही आहे आणि कॉम्बोही. दहा हिटच्या माळेत अशा फटी मुद्दाम ठेवलेल्या असतात. कुठे वरचा ठोसा येतो, ज्याच्याखाली बसता येतं. कुठे खालची लाथ येते, जी बसून अडवता येते.

कॉम्बो जन्मला तोही याच हिशोबातून. १९९१ च्या स्ट्रीट फायटर टू मध्ये तो ठरवून घातलेला नव्हता. निर्मात्यांना तो चाचणी करताना दिसला आणि त्यांनी तो राहू दिला.

मला राग येतो तो नवशिक्याला पहिल्याच दिवशी "टेन-हिट पाठ कर" सांगणाऱ्यांचा. त्यानं चार मित्र हरतात, पाचवा अडवायला शिकतो आणि मग पोरगा गेमच सोडून देतो. माझं मत पक्कं आहे: आधी एकच तीन हिटचा खरा कॉम्बो शिका, आणि तो समोरच्याचा वार अडवल्यावर मारायला शिका. टेन-हिट शिकायचीच असेल तर ती फोडायला शिका.

आणि ट्रेनिंगमधल्या पुतळ्यावर विश्वास ठेवू नका. तो मुळात अडवतच नाही, त्यामुळे त्याच्यावर सगळंच बसतं. सेटिंगमध्ये जाऊन त्याला "पहिला हिट खा, मग अडव" असं लावा. भावाला मी हेच करून दिलं. त्याच्या माळेतला तिसरा हिट पुतळ्याच्या हातावर आपटला, आणि त्या रात्री तो तीन हिटचा कॉम्बो घोटायला बसला.