सिंहेतला ऋण रेणू

माझी भाची अंतराळातल्या ऋणभारित रेणूंवर पीएचडी करतेय. परवा नाशकात घरी आली होती, शेजारच्या काकूंनी विचारलं विषय काय गं तुझा, तिने सांगितला, तर काकू म्हणाल्या म्हणजे निगेटिव्ह एनर्जीच की, आमच्याकडे त्यासाठी वास्तूवाला येऊन गेला. म्हणून हे लिहायला बसलो. निगेटिव्ह म्हणजे इथे एवढंच की रेणूकडे एक इलेक्ट्रॉन जास्तीचा आहे, त्यात अशुभ काही नाही, आणि त्या नावावर पिरॅमिड नि ब्रेसलेट विकणाऱ्यांना कृपा करून पैसे देऊ नका.

गुरू सिंहेत गेला की आपल्याकडे सिंहस्थ, हे नाशिककराला सांगायला नको. त्याच सिंह तारकासमूहात धुळीने वेढलेला एक म्हातारा कार्बनी तारा आहे. १९९५ मध्ये जपानच्या नोबेयामा दुर्बिणीला, तिची डिश ४५ मीटरची, त्याच्याकडून येणाऱ्या रेडिओ लहरींत काही अनोळखी रेषा, म्हणजे ठरावीक फ्रिक्वेन्सीला उठून दिसणारी टोकं, मिळाल्या. भाचीने मोबाइलवर ग्राफ मोठा करून एकेका रेषेवर बोट ठेवून दाखवलं, सगळ्या साधारण २७५४ मेगाहर्ट्झच्या पटीत. अशा समान अंतराच्या रेषा म्हणजे काठीसारखा सरळ रेणू गरागरा फिरतोय, पण कुठला ते ११ वर्षं कळलं नाही. २००६ मध्ये हार्वर्डच्या लॅबमध्ये वायूत विजेचा डिस्चार्ज करून तो बनवला तेव्हा रेषा जुळल्या. सहा कार्बन, एक हायड्रोजन आणि वर एक जादा इलेक्ट्रॉन! अंतराळात सापडलेला पहिला ऋण रेणू.

पण मला खरी मजा वाटते ती इलेक्ट्रॉन टिकतो कसा याची. तो रेणूवर येऊन बसला की जवळपास ३.८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा मोकळी होते आणि ती गेली नाही तर तीच त्याला परत उडवून लावते. पृथ्वीवर बाजूचा रेणू आपटून ती घेऊन जातो, तिकडे इतकं विरळ की आपटायला कोणी नाही. मग रेणू ती स्वतःच्या कंपनांत जिरवतो. पाटाचं पाणी एकाच चारीत सोडलं तर काठ फुटतो, सोळा चाऱ्यांत वाटलं तर मुरतं, तसं. सात अणूंच्या या काठीला १६ तऱ्हांनी थरथरता येतं, ऊर्जा त्यांत पसरते, पुन्हा एका जागी गोळा व्हायला वेळ लागतो आणि तेवढ्यात रेणू अवरक्त प्रकाश टाकून थंड होतो. कार्बन-नायट्रोजनच्या सायनाइडला कंपनाची तऱ्हा एकच, त्याला हे जमत नाही, म्हणून २०१० मध्ये त्याचाही ऋण आयन, म्हणजे जादा इलेक्ट्रॉनवाला रेणू, त्याच ताऱ्याभोवती सापडला तेव्हा तो दुसऱ्या मोठ्या ऋण आयनांच्या अभिक्रियेतून बनत असणार असं मानलं गेलं. मोठे रेणू इलेक्ट्रॉन धरून ठेवतील हे अंतराळ-रसायनशास्त्रज्ञ एरिक हर्ब्स्टनी १९८१ मध्येच मांडलं होतं.

भाचीचं काम याच्या उलट्या टोकाचं, ताऱ्याचा प्रकाश हा इलेक्ट्रॉन किती सहज काढून घेतो. आयन पिंजऱ्यात कोंडून गार करायचे, लेझर मारायचा आणि दर सेकंदाला किती उरले ते मोजत बसायचं. उद्या पहाटेच्या बसने परत जाणार आहे, लेझरचा स्लॉट दुपारचा मिळालाय.