दहाव्या तासाची तयारी

पत्त्यांच्या कॅटमधून दोन पानं उचलण्याचे १,३२६ प्रकार आहेत. त्यांपैकी फक्त सहा प्रकारांत दोन्ही एक्के असतात. म्हणजे पोकरमध्ये सुरुवातीला मिळणाऱ्या दोन पानांतली ही सर्वांत जबरदस्त जोडी सरासरी २२१ डावांत एकदा हाती लागते. ऑनलाइन खेळात एकाच वेळी चार टेबलं उघडून बसणाऱ्याला ती तासाभरातही दिसू शकते. प्रत्यक्ष टेबलावर मात्र डीलर हाताने पत्ते पिसतो, वाटतो, चिप्स (पैशांऐवजी वापरायच्या चकत्या) मोजतो, आणि तासाला जेमतेम पंचवीस-तीस डाव होतात. दहा तास बसलात तर फार तर तीनशे. इतक्या डावांत एक्क्यांची जोडी एकदाही न येण्याची शक्यता चारात एकाहून थोडी जास्तच निघते. तरीही तो दिवस शेवटपर्यंत नीट खेळावा लागतो.

मोठ्या स्पर्धेची तयारी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर गणिताचे तक्ते येतात. तक्ते हवेतच. पण माझ्या मते खरी तयारी दहाव्या तासाची असते. पहिल्या तासात डोकं ताजं असतं, तेव्हा चांगला निर्णय बहुतेकांना घेता येतो. पाठ आखडलेली आहे, समोरच्याने निम्म्या चिप्स ओढून नेल्या आहेत आणि हातात गुलामांची जोडी आहे, अशा वेळी घेतलेला निर्णय पहिल्या तासाइतकाच स्वच्छ राहावा, यासाठी आधीचे कित्येक आठवडे कामी येतात.

लास व्हेगासमधली ‘वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर’ची मुख्य स्पर्धा हे याचं सर्वांत मोठं उदाहरण. प्रवेश शुल्क १०,००० डॉलर. २०२४ साली १०,११२ जण उतरले आणि त्यांतल्या १,५१७ जणांना बक्षिसाची रक्कम मिळाली, म्हणजे दर शंभरातले पंच्याऐंशी रिकाम्या हाताने परतले. सुरुवातीला प्रत्येकाला ६०,००० चिप्स मिळतात आणि दोन-दोन तासांचे टप्पे असतात. ब्लाइंड, म्हणजे डाव सुरू होण्याआधी सक्तीने लावायची रक्कम, दर टप्प्याला वाढत जाते. दिवसाला साधारण पाच टप्पे होतात. मधल्या सुट्ट्या धरल्या तर दुपारी बसलेला खेळाडू मध्यरात्रीच्या आसपास उठतो.

ही वेळ शरीराच्या दृष्टीने फार वाईट. १९९७ साली ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड यांनी ‘नेचर’मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसांची हात आणि डोळ्यांच्या समन्वयाच्या चाचणीतली कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी घसरली होती. सकाळी सातला उठणाऱ्याचे १७ तास बरोबर रात्री बाराला भरतात. म्हणून अनुभवी खेळाडू स्पर्धेच्या आधीच उठायची वेळ हळूहळू पुढे सरकवतात. दूरच्या देशातून येणाऱ्याला तर हे टाळताच येत नाही. शरीराचं घड्याळ दिवसाला साधारण एखादाच तास सरकतं, त्यामुळे आदल्या रात्री विमानातून उतरून खेळायला बसणारा पत्ते मिळायच्या आधीच मागे पडलेला असतो. कॉफीचंही तसंच. कॅफीनचा परिणाम निम्म्यावर यायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सातला घेतलेला कप मध्यरात्रीही अर्धा शिल्लक असतो, आणि त्याची किंमत दुसऱ्या दिवशीच्या खेळात मोजावी लागते.

आता गणिताकडे वळू. स्पर्धेतलं गणित साध्या पोकरपेक्षा वेगळं आहे आणि इथेच भल्याभल्यांची गफलत होते. समजा चौघे उरले आहेत आणि प्रत्येकाकडे सारख्या चिप्स आहेत. एकूण बक्षिसाचे शंभर भाग केले तर पहिल्याला ५०, दुसऱ्याला ३०, तिसऱ्याला २० आणि चौथ्याला काहीच नाही. सगळे बरोबरीत, म्हणून प्रत्येकाच्या ढिगाची किंमत २५. एकाने सगळ्या चिप्स पुढे लोटल्या. तुम्ही कॉल करून, म्हणजे तेवढ्याच चिप्स लावून, जिंकलात तर तुमच्या चिप्स दुप्पट होतील. मग ढिगाची किंमत ५० होईल का?

नाही. आता तिघे उरले. पहिलं येण्याची शक्यता चिप्सच्या प्रमाणात धरली तर तुमची निम्मी. दुसरं येण्याची एक तृतीयांश, तिसरं येण्याची एक षष्ठांश. बेरीज केली तर २५ अधिक १० अधिक ३.३३, म्हणजे ३८.३३. जिंकलात तर तेरा भागांचा फायदा, हरलात तर पंचवीसचे पंचवीस गेले. हा कॉल परवडायला जिंकण्याची शक्यता ६५ टक्क्यांच्या वर हवी. साठ-चाळीस अशी वरचढ बाजू असतानाही पत्ते टाकून देणं इथे बरोबर ठरतं! हा हिशेब टेबलावर बसून करता येत नाही. घरी कागदावर शंभर वेळा केला की मग टेबलावर नुसती जाणीव पुरते. मला या खेळात सर्वांत सुंदर वाटणारी गोष्ट हीच: चिपची किंमत चिपवर छापलेली नसते, ती कोण किती उरलेत यावर ठरते.

ब्लफचंही, म्हणजे कमकुवत पत्त्यांवर बोली लावून हुलकावणी देण्याचंही, असंच. पॉटमध्ये, म्हणजे डावात जमलेल्या ढिगात, १,००० आहेत आणि तुम्ही १,००० लावता. समोरच्याला १,००० घालून २,००० जिंकायचे आहेत, म्हणजे तीनात एकदा तो बरोबर ठरला तरी त्याचं नुकसान नाही. तुमच्या अशा बोलींमध्ये बरोबर एक तृतीयांश ब्लफ असतील, तर त्याने कॉल केला काय आणि पत्ते टाकले काय, त्याला सारखंच. अडचण अशी की माणसाला यादृच्छिक वागता येत नाही. एक ब्लफ पकडला गेला की पुढचा तासभर तो हिंमतच करत नाही. म्हणून काही खेळाडू मनगटावरच्या घड्याळाचा सेकंदकाटा बघतात. एखाद्या ठरावीक परिस्थितीत तीनातून एकदाच ब्लफ करायचा असं घरी ठरलेलं असेल, तर काटा पहिल्या वीस सेकंदांत असला की बोली, नाहीतर पत्ते खाली. थकलेल्या मनाला विचारायचंच नाही.

प्रत्यक्ष टेबलावर आणखी एक गोष्ट येते, ती म्हणजे शरीर. निर्विकार चेहऱ्याची ख्याती मोठी, पण २०१३ साली मायकेल स्लेपियन आणि सहकाऱ्यांनी याच स्पर्धेतल्या चित्रफितींचे तुकडे विद्यार्थ्यांना दाखवले. नुसता चेहरा पाहून त्यांना खेळाडूचे पत्ते किती चांगले आहेत हे ओळखता आलं नाही. नुसते हात, म्हणजे चिप्स पुढे सरकवणारे दंड आणि मनगटं पाहून मात्र त्यांचे अंदाज निव्वळ योगायोगापेक्षा बरे निघाले. चांगले पत्ते असले की हालचाल सफाईदार होते. म्हणून आरशासमोर चेहरा निर्विकार ठेवण्याचा सराव करण्यापेक्षा चिप्स उचलून ठेवण्याचा सराव करा. प्रत्येक वेळी तितकेच सेकंद थांबायचं, रक्कम तोंडाने सांगायची, एकाच गतीने चिप्स ठेवायच्या आणि हात मागे घ्यायचा.

रक्कम तोंडाने सांगायला आणखी एक कारण आहे. कोणी आधीच बोली लावलेली असताना काही न बोलता एकच मोठी चिप टाकली, तर नियमाप्रमाणे तो फक्त कॉल धरला जातो, मनात कितीही वाढवायचं असलं तरी. ऑनलाइन शिकून आलेल्यांना हे पहिल्याच दिवशी नडतं.

पैशाचं मी स्पष्टच सांगते. प्रवेश शुल्क भरल्याक्षणी ते गेलं असं धरता येत नसेल, तर त्या टेबलावर बसू नये. डॅनियल काहनमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ साली मांडलं की गमावल्याचं दुःख तेवढंच कमावल्याच्या आनंदापेक्षा बरंच मोठं वाटतं. गमावलेलं परत मिळवण्यासाठी माणूस एरवी घेतला नसता असा धोका पत्करतो. मोठा डाव हरल्यावर पुढच्या दोन-तीन डावांत काय करायचं, हे त्यामुळे आधीच ठरलेलं बरं: उठून चार पावलं चालायचं, पाणी प्यायचं, परत बसून सुरुवातीची काही पानं टाकून द्यायची.

दिवसाचा खेळ संपतो तेव्हा प्रत्येकाला एक पारदर्शक पिशवी मिळते. दहा तास बसलेला माणूस आपल्या चिप्स रंगाप्रमाणे रचतो, मोजतो, आकडा चुकला की पुन्हा मोजतो, पिशवीवर नाव आणि रक्कम लिहितो आणि ती चिकटवून बंद करतो. हेच काम सकाळी मिनिटभरात झालं असतं. रात्री साडेबाराला बोटांना त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो, आणि शेजारच्या खुर्चीतला माणूसही तिसऱ्यांदा पहिल्या थप्पीपासून मोजायला लागलेला असतो.