छातीत दुखल्यावर रक्ततपासणी काय सांगते, काय सांगत नाही
(आमच्या फोंड्यातील पॅथॉलॉजी लॅबकडून ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

छातीत आत्ता दुखत असेल, दुखणं हाताकडे किंवा जबड्याकडे सरकत असेल, दरदरून घाम येत असेल, तर हे पत्रक बाजूला ठेवा आणि १०८ ला फोन करा. आमच्याकडे येऊ नका. हृदयाच्या झटक्यात ईसीजी आधी आणि रक्त नंतर. इस्पितळात दोन्ही एकाच जागी होतं. गॅस असेल म्हणून रात्रभर सोडा पिऊन काढायची आणि सकाळी उपाशीपोटी ‘हार्टची टेस्ट’ करायला आमच्या बाकावर येऊन बसायचं, हे कृपा करून नको. तसंही या तपासणीला उपाशी राहावं लागत नाही.

हृदयाच्या स्नायूला रक्त पोचेनासं झालं की त्याच्या पेशी मरतात आणि आतला ऐवज रक्तात उतरतो. तो मोजता येतो हे १९५४ साली न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी एसजीओटी या एन्झाइमवरून दाखवलं. मागाहून एलडीएच आलं, सीपीके आलं, आणि त्यातलाच हृदयाच्या जास्त जवळचा सीके-एमबी आला. आज मुख्य भरवसा ट्रोपोनिनवर आहे. खरं तर ते एन्झाइम नव्हे, स्नायूंच्या आकुंचनात भाग घेणारं प्रथिन आहे. पण चिठ्ठीवर ‘कार्डियाक एन्झाइम्स’ लिहिलेलं असलं तरी डॉक्टरांना बहुधा तेच हवं असतं.

सगळा घोळ होतो तो वेळेचा. ट्रोपोनिन दुखणं सुरू झाल्यावर साधारण तीन-चार तासांनी वाढू लागतं आणि आठवडा-दोन आठवडे रक्तात राहतं. सीके-एमबी चार ते सहा तासांनी वाढतो, पण दोन-तीन दिवसांत खाली येतो. त्यामुळे आठवड्याभरात पुन्हा दुखलं तर तो अजूनही उपयोगी पडतो. म्हणजे दुखू लागल्यावर तासाभरात घेतलेलं रक्त ‘निगेटिव्ह’ आलं, तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही. कार्डावर रेघ उमटणाऱ्या झटपट टेस्टला तर थोडी वाढ दिसतच नाही. म्हणूनच इस्पितळात काही तासांच्या अंतराने दुसऱ्यांदा रक्त घेतात. ‘एकदा काढलं, परत कशाला?’ असं तिथे भांडू नका. आकडा चढतोय की उतरतोय, यावरच निदान ठरतं.

आकडा पुढचंही थोडं सांगतो. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात छातीत दुखून दाखल झालेल्या रुग्णांचं ट्रोपोनिन आय (ट्रोपोनिनचा एक प्रकार) मोजलं होतं. सर्वांत कमी पातळी असलेल्यांपैकी ४२ दिवसांत सुमारे १ टक्का दगावले, सर्वांत जास्त पातळीच्या गटात ७.५ टक्के. पण हेच उलटं वाचलं तर त्या गटातलेही नव्वदहून अधिक टक्के वाचले. शिवाय हे गटाचं गणित आहे. तुमच्या वडिलांचं पुढे काय होईल, हे वय, मूत्रपिंड, मधुमेह, इकोमधली हृदयाची ताकद आणि रक्तवाहिनी किती लवकर मोकळी झाली, हे सगळं पाहून डॉक्टरच सांगतील. काउंटरवरच्या आमच्या मुलीला ‘किती धोका आहे?’ असं विचारू नका.

प्रत्येक वाढ म्हणजे झटका नव्हे. मूत्रपिंडाचा जुना आजार, हृदय कमजोर होणं, हृदयाच्या स्नायूला आलेली सूज, अंगभर पसरलेला जंतुसंसर्ग, यातही ट्रोपोनिन वाढतं. सीपीके तर जिममधल्या जोरामुळे, दंडावरच्या इंजेक्शनाने, कधी कोलेस्टेरॉलच्या गोळीनेही वाढतो. लिव्हर प्रोफाइलमध्ये एसजीओटी जास्त दिसलं की काही जण हृदयाच्या धास्तीने येतात; आजकाल ते बहुतेक वेळा यकृताचंच गाऱ्हाणं असतं. गामा-जीटी या यकृताच्या एन्झाइमचं प्रकरण थोडं निराळं. २००५ साली ऑस्ट्रियातल्या सुमारे १ लाख ६४ हजार लोकांच्या अभ्यासात ज्यांचं गामा-जीटी जास्त, त्यांच्यात हृदयविकाराने मृत्यूही जास्त आढळले. मात्र ते दारूनेही वाढतं. हुर्राकच्या दिवसांत रक्त देणार असाल तर किती घेतलीत ते डॉक्टरांना सांगा. आम्हाला नाही सांगितलंत तरी चालेल.

जुना रिपोर्ट शेजारी ठेवून पाहताना एकक तपासा. ०.०४ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर आणि ४० नॅनोग्रॅम प्रति लिटर हे एकच माप आहे. एवढ्यावरून हजारपट वाढ झाल्याचा घोर लावून घेऊ नका. ट्रोपोनिन आय आणि ट्रोपोनिन टी यांचे आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत. एकाच प्रकारातही यंत्र बदललं की सीमा बदलते, म्हणून पुन्हा तपासायचं तर शक्यतो त्याच लॅबमध्ये. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर रक्त देण्याआधी सांगा. काही किटमध्ये त्यामुळे ट्रोपोनिन खोटंच कमी दिसतं.

ट्रोपोनिन सीमेबाहेर आलं तर रिपोर्ट छापायची वाट न पाहता आम्ही लगेच फोन करतो. त्यासाठी नाव नोंदवताना घरात जो माणूस हजर असतो त्याचा चालू नंबर द्या. मस्कतला असलेल्या मुलाचा नको.