घरखर्च व बचत (गोवा)

घरखर्च व बचत (गोवा) : कुटुंबाची मिळकत, नित्याचा खर्च, शिल्लक आणि कर्ज यांचा मेळ घालण्याची रीत. हिशेबाचे मूळ नियम सगळीकडे सारखेच असतात. गोव्यात मात्र त्यांना पाऊस, सण आणि पोर्तुगीज काळापासून चालत आलेला नागरी कायदा यांनी वेगळे वळण दिले आहे. नोकरदार घरे सोडली, तर येथे दर महिन्याला सारखा पैसा येत नाही. शॅकवाले, खोल्या भाड्याने देणारे, टॅक्सीवाले, पिलोट (मोटारसायकलवरून भाडे नेणारे) यांचा हंगाम ऑक्टोबरपासून मेपर्यंतचा. ट्रॉलरची मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद. जहाजावर नोकरी करणारा तारवटी सहा-नऊ महिने कमावतो आणि घरी असताना बहुधा बिनपगारी असतो. अशी पावसाळ्याची ओढगस्त काढून होते न होते तोच चवथ (गणेशचतुर्थी) उभी राहते : माटोळी (गणपतीवर टांगायची फळापानांची चौकट), घराची रंगरंगोटी, नेवऱ्या (करंज्या), फटाके, माहेरवाशिणींचे ओझे (लेकीच्या सासरी जाणारी सणाची भेट), सगळे एकदम. पसऱ्यावरची (वाण्याच्या दुकानातली) उधारीची वही जाड होते ती याच दिवसांत.

या अडचणीवर जुन्या गोव्याने काढलेला तोडगा म्हणजे पुरुमेंत. ‘बेगमी’ या अर्थाच्या पोर्तुगीज ‘प्रोव्हिमेंतो’वरून हा शब्द कोकणीत आला आणि गोव्याच्या मराठीतही रुळला. एप्रिल-मेमध्ये सुके बांगडे, गालमो (सुकी बारीक सुंगटे), सोलां (आमसुले), चिंच, मिरच्या, कांद्याच्या माळा, मिठात चेपलेल्या तोरां (कैऱ्या) असा चार महिन्यांचा साठा घरात येई. मडगावच्या होली स्पिरिट चर्चच्या फेस्ताला ‘पुरुमेंताचें फेस्त’ हे नाव त्यावरूनच पडले. आता फ्रिज आहे, कोपऱ्यावर सुपरमार्केट आहे, त्यामुळे पुरुमेंत हा हौसेचा विषय झाला. त्यामागचा हिशेब मात्र अजून लागू पडतो. कळंगुटला दोन खोल्या भाड्याने देणाऱ्या घराला आठ महिने दरमहा ४५,००० रुपये सुटतात असे धरू. वर्षाचे झाले ३,६०,०००, म्हणजे बारा महिन्यांना वाटले तर ३०,०००. हे घर डिसेंबरात ४५,००० खर्चाची सवय लावून घेते आणि जुलैत दागिने गहाण ठेवायला पतसंस्थेत जाते. हंगामात दरमहा १५,००० वेगळ्या खात्यात टाकले असते तर आठ महिन्यांत १,२०,००० साठले असते. पावसाळ्याचे चार महिने नेमके तेवढ्यातच निघतात.

रोजच्या मिळकतीवर जगणाऱ्यांची बचत पिग्मीने होते. उडुपीच्या, पुढे सिंडिकेट बँक म्हणून प्रसिद्ध झालेल्या बँकेने १९२८ साली रोज दोन आण्यांपासून पैसे गोळा करण्याची ही पद्धत सुरू केली. गोव्यात सहकारी बँका व पतसंस्थांनी ती बाजारपेठांत मुरवली. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात हे पाहावे : मासळीवाली कमरेच्या पिशवीतून चौघडी घातलेली शंभराची नोट काढते, एजंट हातातले मशीन मासळीच्या पाण्यापासून दूर धरून पावती काढतो, आणि ती पावती तागडीच्या वजनाखाली जाते. बोलणे झाले तर सुरमईच्या भावाचे. रोज १०० रुपये म्हणजे वर्षाला ३६,५०० रुपये मुद्दल. व्याज बेताचेच, आणि मुदतीआधी मोडली तर बहुतेक ठिकाणी तेही कापले जाते. तरीही पिग्मीला नावे ठेवणाऱ्यांनी एक ध्यानात घ्यावे, की बँकेत जायला ज्याला दुकान बंद करावे लागते त्याच्यासाठी दारात येणारा एजंट हेच मोठे व्याज आहे. तोटा होतो तो पावती न घेतल्याने, महिनोन् महिने पासबुक भरून न घेतल्याने आणि पिग्मीवरच कर्ज काढून ते दुसऱ्या कर्जात भरल्याने.

याहून महाग पडलेली चूक म्हणजे ‘अर्बन बँक’ आणि ‘अर्बन क्रेडिट सोसायटी’ यांना एकच समजणे. बँकेतल्या ठेवीला ठेव विमा महामंडळाचे संरक्षण असते. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसते. पाट्या सारख्या, काउंटर सारखे, व्याज मात्र पतसंस्थेत अर्धा-एक टक्का जास्त. तो अर्धा-एक टक्का कशाचा, हे बहुतेक जण विचारत नाहीत. विम्याची मर्यादा १९९३ पासून १ लाख होती, ती फेब्रुवारी २०२० मध्ये ५ लाख झाली. म्हापसा अर्बन सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने २०१५ मध्ये निर्बंध घातले आणि एप्रिल २०२० मध्ये परवाना रद्द केला. ठेवीदार मधल्या काळात अडकले खरे, पण परवाना तीन महिने आधी गेला असता तर विमा १ लाखाचाच मिळाला असता. २०२१ मध्ये मडगाव अर्बनचाही परवाना गेला. ५ लाखांची मर्यादा एका माणसाच्या एका बँकेतल्या सर्व शाखांना मिळून, व्याज धरून आहे. म्हणून एकाच बँकेच्या पणजी व फोंडा शाखांत पैसे वाटून ठेवण्याने काही साधत नाही.

कर्जाच्या बाबतीत खाणपट्ट्याचा अनुभव बोलका आहे. २०१२ मध्ये खाणकाम थांबले तेव्हा डिचोली, सांगे, सावर्डे भागांत हप्त्यांवर घेतलेले ट्रक दारात उभे राहिले. हप्ते थांबले नाहीत. एका घरात दोन-तीन ट्रक आणि सगळ्यांची मिळकत एकाच खनिजावर, हे त्यातले दुखणे होते. राज्य सरकारला कर्जसवलतीची योजना आणावी लागली. २०१८ मध्ये खाणी पुन्हा बंद पडल्या.

सोने गहाण ठेवण्याची वाट त्याहून जुनी. १९६१ च्या डिसेंबरात, मुक्तीच्या तोंडावर, बांको नासियोनाल उल्त्रामारिनु या बँकेतले गोवेकरांचे तारण दागिने लिस्बनला नेण्यात आले. ते १९९१ मध्ये परतले. ‘पुढच्या महिन्यात सोडवू’ म्हणून ठेवलेल्या पाटल्या तीस वर्षांनी नातसुनेच्या हाती आल्या असतील. आजचा धोका साधा आहे : मुदतीअखेर एकरकमी फेडायच्या सोनेकर्जात दरमहा काही भरावे लागत नाही, म्हणून ते विसरले जाते आणि लिलावाच्या नोटिशीनेच आठवते. क्रेडिट कार्डाचे गणित याच जातीचे. ४०,००० थकले, दरमहा ३.५ टक्के व्याज म्हणजे १,४००, त्यावर १८ टक्के जीएसटी २५२. ‘किमान रक्कम’ म्हणून २,००० भरले तर मुद्दल घटते ३४८ रुपयांनी.

गोव्याचे खास प्रकरण म्हणजे नवरा-बायकोचा पैसा. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेवरून आलेल्या कायद्यानुसार, विवाहपूर्व करार केला नसेल तर दोघांची मालमत्ता सामायिक धरली जाते. आयकरातही तिची दखल आहे : त्या तरतुदीप्रमाणे (१९६१ च्या कायद्यात कलम ५अ) पगार ज्याचा त्याचा, पण व्याज, भाडे, धंद्याचा नफा दोघांत निम्मा वाटायचा. नवऱ्याच्या नावावरच्या ठेवीवर ८०,००० व्याज आले तर ४०,००० बायकोच्या विवरणपत्रात जातात आणि कापलेला करही तसाच वाटला जातो. त्यासाठी वेगळे परिशिष्ट असते. बाहेरून आलेल्या करसल्लागाराला ते पुष्कळदा ठाऊक नसते. मग गृहिणीला मिळू शकणारा करमाफ मर्यादेचा लाभ वाया जातो, किंवा दोन विवरणपत्रांचा मेळ न बसून नोटीस येते. तारवट्याची चूक निराळी : आर्थिक वर्षात १८२ दिवस भारतात भरले की तो करासाठी निवासी ठरू शकतो, आणि चवथीसाठी वाढवलेली आठवड्याची रजा वर्षभराच्या कमाईवर कर बसवून जाते.

मटका, कॅसिनो, ओटीपी मागणारे फोन यांबद्दल वेगळे सांगण्यासारखे थोडेच आहे. मटका बेकायदा असूनही चिठ्ठी सहज मिळते. कॅसिनोत गोवेकरांना फेब्रुवारी २०२० पासून बंदी आहे. ऑनलाइन फसवणुकीची तक्रार १९३० या क्रमांकावर जितक्या लवकर जाईल तितकी रक्कम गोठवण्याची शक्यता अधिक.

वारसाविषयीचा घोळ मात्र घरोघरी आढळतो. ठेवीवर ‘नॉमिनी’ लावला की पैसा त्याचा झाला, असे समजून भावंडांत अबोला धरला जातो. नॉमिनी बँकेकडून रक्कम स्वीकारतो, मालक होतोच असे नाही. गोव्यात हयात जोडीदाराचा अर्धा वाटा आधी वेगळा निघतो. उरलेल्या अर्ध्यापैकी, मुले किंवा आईवडील असतील तर, मृत्युपत्राने मनाप्रमाणे देता येतो तो फक्त निम्मा. बाकीचे वाटप २०१२ च्या वारसा कायद्यानुसार होते आणि एकमत नसेल तर ‘इन्व्हेंटरी’साठी (मालमत्तेची यादी करून वाटणी करण्यासाठी) न्यायालय गाठावे लागते.